दारात उभ्या राहणाऱ्या मुख्याध्यापिकेस

पत्र असं आहे: "मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका अनुदानित हायस्कूलची मी मुख्याध्यापिका. वर्ग पाचवी ते दहावी. यंदा जूनमध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून गणित-विज्ञानाला नवे सर आले, मराठवाड्यातले. विषय पक्का आहे, तयारी करून येतात. पण आठवीचा वर्ग, पट ४२, त्यांच्या हाती राहत नाही. गलका इतका की शेजारचा तास बंद पडतो. मी दारात जाऊन उभी राहते, वर्ग चिडीचूप होतो आणि मी वळले की पुन्हा तेच. मुलं सरांच्या बोलण्याची नक्कल करतात. गेल्या आठवड्यात त्यांनी एका मुलाच्या पाठीत डस्टर मारला. मुलाचे वडील, मासेमारी करणारे, चार-पाच जणांना घेऊन आले, दाखला काढतो म्हणाले. जुने शिक्षक म्हणतात, आठवी पीटीच्या सरांना द्या, सरळ होईल. संस्थेचे मुंबईचे पदाधिकारी म्हणतात, मेमो द्या. मसुदा सोबत जोडला आहे. मी सरांच्या बाजूने उभी राहू की मुलाच्या?"

बाई,

बाजूचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण उत्तराची घाई त्यालाच आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. मुलाला मारलं ते चूक. सरांना महिनाभर त्या वर्गात एकटं सोडलं, तेही चूक. दोन्ही तुमच्याच शाळेत घडलंय आणि दोन्हींचा हिशेब तुमच्या टेबलावर येतो. एक कबूल केली म्हणून दुसरी हलकी होत नाही. तेव्हा बाजू निवडायचा प्रश्न सोडून द्या, कामं भरपूर आहेत.

डस्टरचं आधी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. मनाई मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे मुंबईकर मेमो म्हणाले त्यात कायद्याने वावगं काही नाही. मसुद्याकडे शेवटी येते. तोवर 'पोरगा वांड आहे', 'हळूच लागला', 'सर नवीन आहेत' यांतलं एकही वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, शिक्षक खोलीतसुद्धा नाही.

सरांनी त्या मुलाशी बोलायचं, तुमच्यासमोर, वर्गाबाहेर, दोन मिनिटं. आणि डस्टर सगळ्या वर्गाने पाहिला आहे, तेव्हा वर्गालाही एकदा ऐकू दे: "त्या दिवशी मी डस्टर मारला. ते चुकलं. पुन्हा होणार नाही. आता पान ३४ काढा." बस, एवढंच. भाषण नको, डोळ्यांत पाणी नको, 'तुम्हीच मला भाग पाडलंत' तर अजिबात नको. शिक्षकाने वर्गासमोर चूक मान्य केली तर वचक जातो असं म्हणणारे तुमच्याकडे निघतीलच. ज्याचा वचक आधीच नाही त्याचा आणखी काय जाणार, असं त्यांना माझ्या नावाने सांगा.

वडिलांकडे तुम्ही स्वतः जा. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, माणूस घरी जाळी दुरुस्त करत सापडेल. नारळी पौर्णिमेनंतर गेलात तर भेट व्हायची नाही. पहिल्या भेटीला सरांना नेऊ नका, सरपंचांनाही नको. आधी त्यांना बोलू द्या. मग शाळेने काय केलं आणि काय करणार आहे ते सांगा. 'तक्रार करू नका' असं मात्र म्हणू नका. तक्रार हा त्यांचा हक्क आहे. दाखल्याच्या धमकीने तुमच्या पोटात गोळा आला असणार. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं आणि कोणीतरी अतिरिक्त ठरतो, हे कोकणातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला झोपेतही पाठ असतं. पण पट वाचवायला म्हणून मागितलेली माफी समोरच्याला लगेच कळते. मुलाच्या पाठीसाठी जा.

पीटीच्या सरांना आठवी देण्याचा सल्ला मला पटलेला नाही. गलका थांबेल, खरंय. गणित कोण शिकवणार? आणि आठवीला यंदा एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शिवाय ४२ मुलं यातून एक गोष्ट पक्की शिकतील: पुरेसा गोंधळ घातला की शिक्षक बदलून मिळतो. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या बाईंवर ती विद्या वापरली जाईल. पीटीचे सर ज्या कारणाने 'सरळ करतात' ते कारण भीती असेल, तर कलम १७ त्यांनाही लागू आहे, हेही लक्षात असू द्या.

आता तुमच्याबद्दल. दारात उभं राहणं बंद करा.

तुमचा हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतोय. तुम्ही आलात की वर्ग गप्प होतो याचा अर्थ मुलांना गप्प बसता येतं. ते फक्त तुमच्यासाठी गप्प बसतात. प्रत्येक खेपेला वर्गाला कळतं की या तासाच्या खऱ्या मालकीण व्हरांड्यात आहेत, आणि सरांनाही तेच कळतं. मी पैजेवर सांगते, खिडकीजवळच्या बाकावर एकजण तुमच्या पावलांवर नजर ठेवायला नेमलेला असेल. मी शाळा तपासायला जायची तेव्हा अशी नेमणूक जवळजवळ प्रत्येक शाळेत दिसायची आणि ते काम फार चोख होत असे.

त्याऐवजी आत जा. सरांना आदल्या दिवशी सांगून, तासाच्या सुरुवातीलाच त्यांच्याबरोबर वर्गात शिरा, शेवटच्या बाकावर बसा आणि काहीही झालं तरी तोंड उघडू नका. मुलं मान वळवून तुमच्याकडे बघतील, तुम्ही वहीत बघा. तुम्हाला हे जड जाईल. इतकी वर्षं एका नजरेत वर्ग गप्प केलेल्या बाईला गोंधळात मुकाट बसायला लावणं म्हणजे शिक्षाच. बसा तरीही.

वहीत फक्त वेळ आणि घटना लिहा. '१.४० – घंटा. १.४४ – सर वर्गात. १.५१ – हजेरी संपली, मागच्या तीन बाकांवर कंपासपेटीची फेकाफेक. १.५३ – सर पाठमोरे, फळ्यावर आकृती.' मतं लिहू नका. 'वर्गावर नियंत्रण नाही' हे लॉगबुकातलं वाक्य सरांना स्वतःलाच ठाऊक आहे, त्यातून त्यांना उद्या काय करायचं ते कळत नाही. '१.४४ ते १.५१' यातून कळतं.

जेकब कूनिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून हेच शोधलं होतं. त्याचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. शांत वर्गांतले शिक्षक आणि गोंधळाच्या वर्गांतले शिक्षक मुलांना रागावतात कसे, यात त्याला सांगण्याजोगा फरक सापडला नाही. फरक गोंधळाच्या आधी होता. वर्गात चाललंय काय याची जाणीव शिक्षकाला आहे हे मुलांना दिसत होतं, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मधे पोकळी पडत नव्हती, आणि एकाला उत्तर देताना उरलेल्यांवरची नजर सुटत नव्हती. म्हणजे आपण 'शिस्त कशी लावायची' म्हणून जी चर्चा करतो ती बहुतेक चुकीच्या मिनिटाबद्दल असते.

तुमची आठवी मी पाहिलेली नाही, पण तुमच्या भागातली आठवी म्हणजे काय ते माहीत आहे. निम्मी मुलं पाचवीपासून तुमच्याकडे. उरलेली जूनमध्ये सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांतून आलेली, चार वाड्यांची चार टोळकी. अख्ख्या शाळेचा पट पंधरा-वीस असलेल्या ठिकाणी जो मोठा दादा होता, तो इथे बेचाळिसात एक झाला. कोण पुढे, कोण मागे, कोण कोणाला घाबरतं, हे ठरवायचं काम जून-जुलैत चालू असतं आणि ते नवख्या सरांच्या तासाला चालतं, कारण तिथे जागा मिळते. सर येण्याआधीच तो गोंधळ वर्गात होता. हे सरांना सांगा, त्यांचा जीव थोडा हलका होईल.

मग बैठक बदला. वाडीवार बसलेली पोरं विखरून बसवा आणि हे काम सरांनी नाही, वर्गशिक्षकांनी करायचं, सगळ्या तासांसाठी. कोण कुठे बसतं त्याचा नकाशा सरांच्या टेबलावर चिकटवा. तुमच्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एक. बाहेरून आलेला माणूस आडनावाने हाक मारतो, सहा माना वर होतात आणि वर्ग हसतो. पहिल्या नावाने हाक मारता येणं हे त्यांचं पहिलं हत्यार आहे.

आणि वेळापत्रक काढून बघा. आठवीचा गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच आहे का? नव्या माणसाच्या वाट्याला नको असलेले तास येतात, ही आपल्याकडची जुनी रीत. आठवीपर्यंत पोषण आहार असतो. रांग, ताटं, नळावरची गर्दी, आणि जुलैत त्यात पाऊस. मुलं ओल्या हातापायांनी दहा मिनिटं एकेक करून येत राहतात आणि सर प्रत्येकासाठी सुरुवातीपासून सुरुवात करतात. या जागी तुम्ही असतात तरी दमला असतात. तो तास सकाळी पहिला किंवा दुसरा करा. तुमच्या अख्ख्या पत्रावर सगळ्यात स्वस्त उपाय हाच असू शकतो.

आता पहिली पाच मिनिटं. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बाकीचा तास त्यावर बसतो.

सर घंटेच्या आधी वर्गाच्या दारात हवेत. आधीच्या तासाच्या शिक्षकांनी वेळेवर सोडलं तरच हे जमेल, म्हणजे ते तुमचं काम. मुलं आत येताना दोन-चार जणांना नावाने हाक. फळ्यावर दोन उदाहरणं आधीच लिहिलेली, सोपी, कालच्याच धड्यावरची, म्हणजे आलेल्याने बसल्या बसल्या वही उघडावी. हजेरी ओरडून घ्यायची नाही. मुलं उदाहरण सोडवत असताना नकाशात बघून मनातल्या मनात घ्यायची. सात मिनिटं वाचली आणि 'हजर सर' म्हणतानाच्या सगळ्या नकलाही वाचल्या.

मग बोलायचं असेल तेव्हा 'गप्प बसा, गप्प बसा' नको. ते वाक्य आपल्या शाळांच्या भिंतींनी इतकं ऐकलंय की त्याचा आता आवाजच होत नाही. काय करायचं ते सांगा: "पेन खाली. फळ्याकडे बघा." आणि थांबा. गलक्यावरून बोलायला सुरुवात करायची नाही. पहिल्या दिवशी मिनिटभर थांबावं लागेल, सर घामाघूम होतील. तुम्ही मागे बसलेल्या आहात, घड्याळ तुम्ही बघा. त्यांना ते पाच मिनिटांसारखं वाटेल, वहीत मात्र पंचावन्न सेकंद निघतील. हा आकडा संध्याकाळी त्यांना दाखवा.

प्रश्न विचारल्यावरही थांबायचं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तुमच्या वर्गात पुढच्या बाकावरची तीन मुलंच उत्तरं देत असतील, तर उरलेल्या एकोणचाळिसांनी वेळ कसा घालवायचा हा प्रश्न आहे आणि तो त्यांनी आपल्या परीने सोडवलाय.

एखादा फारच चाळे करत असेल तर त्याच्या बाकाजवळ जाऊन, वाकून, हळू आवाजात एक वाक्य. लांबून नाव घेऊन झापलं की त्याला प्रेक्षक मिळतात आणि मग माघार घेणं त्याला परवडत नाही. चौदा वर्षांच्या मुलासाठी वर्गाचं हसू ही शिक्षा नसून कमाई असते.

पावसाचं वेगळं सांगते. वर पत्रे असतील तर जुलैच्या सरीत माणसाचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. सर अशा वेळी आवाज चढवत असणार, कारण त्यांच्या गावाकडे असा पाऊस त्यांनी ऐकलेला नाही. नियम करून टाका: पावसाची सर कोसळली की बोलणं बंद, फळ्यावरची उदाहरणं सुरू, सर बाकांमधून फिरत वह्या बघणार. पाऊस थांबला की पुन्हा बोलू.

हे सगळं एकदम करायला सांगू नका. पहिला आठवडा फक्त दार, फळा आणि हजेरी. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एकदा करूनही बघा: तुम्ही आणि आणखी एक शिक्षिका मुलं व्हा, सर आत येऊ देत. सगळ्यांना वेड्यासारखं वाटेल. नाटकाची तालीम आपल्याकडे प्रत्येक वाडीत होते, तासाचीही होऊ दे. गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर हे सगळं पुन्हा शून्यापासून बसवावं लागेल, त्याने खचू नका. चाकरमान्यांच्या गर्दीतून आणि जागरणांतून आलेला वर्ग म्हणजे नवा वर्गच असतो.

एक गोष्ट आजच बंद करता येईल: वर्गप्रमुखाने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणं. ही प्रथा मला कधीच आवडली नाही. एका मुलाच्या हातात बेचाळीस जणांची अब्रू द्यायची, त्याने आपल्या वाडीच्या पोरांची नावं गाळायची, मग पुसापुशी, मग मधल्या सुट्टीत त्याचा हिशेब. सर आत येतात ते थेट न्यायनिवाड्यातच. वर्गप्रमुखाला वह्या वाटू द्या, खिडक्या लावू द्या. पहारा नको.

आता शिक्षक खोली. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'जुने शिक्षक म्हणतात' हे. म्हणतात कुठे? मुलांच्या कानावर पडेल असं व्हरांड्यात म्हणत असतील, 'माझ्या तासाला बघा कशी सुतासारखी बसतात', तर त्या सुतासारख्या बसलेल्या वर्गाला नव्या सरांवर सोडण्याची परवानगीच मिळाली. कोणत्या शिक्षकाला खोलीत किती मान आहे हे मुलं चहाच्या कपांवरूनही ओळखतात. हे तुम्हाला बैठकीत बोलावं लागेल आणि ते एखाद्या ज्येष्ठाला लागेल. लागू दे.

त्याच बैठकीत तीनच गोष्टी सगळ्यांनी सारख्या करायचं ठरवा, पाचवी ते दहावी: घंटेला शिक्षक दारात, गप्प करण्याची एकच खूण, आणि कोणीही मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं नाही. तीनच. पंचवीस नियमांचा फलक व्हरांड्यात लावलेल्या शाळा मी पाहिल्यात, तो फलक कोणी वाचत नाही, लावणारासुद्धा. सगळ्यांनी खूण पाळली तर ती शाळेची होते आणि नव्या माणसाला ती आयती मिळते. चौदा वर्षांच्या मुलांकडून रोज तासागणिक वेगवेगळी शिस्त पाळून घ्यायची आणि मग ती पाळत नाहीत म्हणायचं, यात मुलांचा दोष थोडा आहे.

सरांना आठवड्यातून एक तास मोकळा करून दुसऱ्यांच्या तासाला बसू द्या. जो ओरडत नाही आणि तरी ज्याचा वर्ग चालतो असा एकजण तुमच्याकडे नक्की असेल, बहुधा मराठीच्या किंवा हिंदीच्या बाई. आणि सरांचा नववीचा तास कसा जातो हे पत्रात कुठेच नाही. तो बरा जात असेल तर तुमचं निम्मं निदान चुकलंय. जाऊन बघा.

नकलेबद्दल. सर 'लेकरांनो' म्हणतात आणि वर्ग फुटतो, बरोबर? एकदा सरांनी स्वतःही हसावं आणि पुढे जावं, हे झालंच. पण माझा प्रश्न शाळेला आहे. तुमच्या शाळेत एखादं मूल मालवणीत उत्तर देतं तेव्हा काय होतं? 'नीट बोल, शुद्ध बोल' असं म्हणून कोणी हसतं का? जिथे मुलांच्या घरच्या बोलीला वर्गात हसलं जातं तिथे मुलं दुसऱ्याच्या बोलीला हसायला शिकतात. ते शाळेनेच शिकवलेलं असतं. मुलांना मालवणीत उत्तर देऊ द्या, सरांना समजलं नाही तर ते विचारतील आणि मुलं समजावतील. यात सरांचा मान जात नाही.

यातूनच एक तास सुचतो. सर विज्ञानही शिकवतात ना? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यांना पुस्तकातून माहीत असेल. तुमच्या वर्गातल्या गाबितांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या पोरांना ते पायाखालून माहीत आहे. पंधरा दिवस मुलांनी घरून भरतीच्या वेळा विचारून आणाव्यात, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, तिथी आणि वेळ लिहावी आणि मग सरांनी त्याचा आलेख काढून घ्यावा. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेलाच का, भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती अष्टमीच्या आसपास का, हे मुलांनी सरांना सांगायचं आणि चंद्र-सूर्याच्या ओढीचं गणित सरांनी मुलांना. डस्टर खाल्लेल्या मुलाचे वडील होडीवर काम करतात. त्याच्या वेळा सगळ्यात अचूक निघतील. फक्त जुलैच्या समुद्रावर कोणी मुलांना न्यायचं नाही. वेळा घरूनच.

गावाचं थोडक्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्याचं आहे. सल्ला मागायला मात्र योग्य वेळ आणि जागा हवी. सकाळी अकराला शाळेत सभा ठेवलीत तर मासळी विकायला बाजारात गेलेली आई येणार नाही, आणि सध्या भातलावणी सुरू आहे, म्हणजे शेतातलीही येणार नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वाडीतल्या देवळात किंवा कोणाच्या पडवीत बसा. तीन ठरलेल्या गोष्टी सांगा, मारणार नाही हे सांगा आणि त्यांच्याकडून एकच मागा: घरी सरांची नक्कल ऐकली तर हसू नका. 'तुम्ही बिनधास्त हाणा, आमची ना नाही' असं एखादा बाप म्हणेलच. त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा, सगळ्यांसमोर.

सर शिक्षणसेवक, म्हणजे अजून मानधनावरचे असतील तर माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधन, त्यात खोलीचं भाडं आणि गावी पाठवायचे पैसे. संगणक येतो म्हणून शाळेची सगळी ऑनलाइन माहिती त्यांच्याच गळ्यात पडली आहे का, बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीचा वेळ धरून सांगितलेत. ती तयारी रात्री बारा वाजता बंद पडलेलं पोर्टल सुरू होण्याची वाट बघत होत नाही. दिवाळीपर्यंत ते काम काढून घ्या. जेवतात कुठे तेही विचारा. तुमच्या पत्रातून ते आठवी सोडून आणखी कोणाशी बोलतात असं दिसलं नाही.

दिवाळीपर्यंत तुमच्या वहीतले आकडे हलले नाहीत, तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून कोणाला तरी तास बघायला बोलवा. आणि हात पुन्हा उठला तर दुसऱ्या संधीची भाषा करू नका. त्या वेळी कलम १७ प्रमाणे जे व्हायचं ते होईल, आणि ते होईल हे सरांना आजच शांतपणे सांगून ठेवा.

राहिला मेमोचा मसुदा. पहिला परिच्छेद ठीक आहे: तारीख, तास, घटना, कलम. तो तसाच ठेवा. दुसऱ्यात 'आपणांस वर्ग नियंत्रण जमत नसल्याचे वारंवार निदर्शनास आले आहे' असं लिहिलंय, ते काढा. वारंवार निदर्शनास आलं तेव्हा तुम्ही काय केलंत, असा प्रश्न उद्या चौकशीत तुम्हालाच विचारला जाईल. त्या जागी दोन रकाने करा. डावीकडे सरांनी काय करायचं: मुलाला आणि वर्गाला काय सांगायचं, घंटेआधी दारात, फळ्यावर उदाहरणं, कधीपर्यंत. उजवीकडे शाळा काय करणार: तास सकाळी हलवला, बैठकीचा नकाशा वर्गशिक्षकांनी दिला, ऑनलाइन काम काढलं, मुख्याध्यापिका अमुक वारी मागच्या बाकावर बसणार. खाली दोन सह्या, सरांची आणि तुमची. मुंबईला प्रत पाठवण्याआधी अध्यक्षांना फोन करून उजवा रकाना वाचून दाखवा. एकच रकाना असलेला मेमो त्यांना हवा असेल तर तसं लेखी मागा.